लेकराचे नाव झाका, गुन्हा झाकू नका

पैठणच्या आमच्या शाळेत पालकसभा संपली, तरी एक आई सगळे जाईपर्यंत थांबून राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, बच्ची ट्यूशन को जाने को नको बोलरी. मारे तो बी नको बोलरी." पुढे तिने जे सांगितले ते येथे लिहिणार नाही. घरात एक निर्णय मात्र झाला होता. बात बाहेर गेली तर उद्या मुलीचा रिश्ता कोण करणार? म्हणून मोहल्ल्यातील चार जाणत्यांना बसवायचे, त्या माणसाकडून माफी घ्यायची आणि विषय संपवायचा. आम्ही फक्त "ठीक आहे" म्हणावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

ते आम्हाला म्हणता आले नाही. ऐकल्या क्षणापासून कायद्याने आम्हीही बांधले गेलो होतो. त्याच संध्याकाळी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. या विषयावर घराघरांत अर्धवट माहिती आणि पूर्ण भीती आहे, म्हणून हा लेख.

शिक्षकाला शिक्षा जास्त का?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगी असो वा मुलगा, या कायद्याने बालक आहे. 'त्याची संमती होती' हा बचाव येथे चालत नाही.

शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा नोकरीतील माणसाने तिथल्याच बालकावर हात टाकला, तर कायदा तो गुन्हा 'गंभीर' प्रकारात धरतो. बलात्काराच्या स्वरूपाच्या अत्याचाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे. ती मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाऊ शकते. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला किमान ५ आणि कमाल ७ वर्षे कैद व दंड आहे. घाणेरडे बोलणे, अश्लील चित्र दाखवणे, मोबाईलवरून मुलाच्या मागे लागणे, यालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'कपड्यावरूनच हात लागला' ही सबबही उरलेली नाही. नागपूरच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला.

कारण उघड आहे. आई-बाप लेकराला आमच्या हवाली करतात ते अमानत म्हणून. अनोळखी माणसापासून मूल पळते, उस्तादापासून पळत नाही.

सांगणे मर्जीवर नाही

पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही कलम २१ खाली शिक्षेस पात्र ठरतो. शुद्ध हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

हे कागदावरचे बोलणे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींवर अत्याचार झाले. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर सर्वांना आठवत असेल. दोन चिमुरड्यांवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक गेले, तर त्यांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले. पुढे वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही गुन्हा नोंदला गेला.

तडजोडीला किंमत नाही

आता मोहल्ल्यातल्या बैठकीबद्दल. राजस्थानात एका सरकारी शाळेच्या शिक्षकावर विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा आरोप झाला. काही दिवसांत वडिलांनी स्टॅम्पपेपरवर समझोता लिहून दिला आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो गुन्हा पुन्हा जिवंत केला. असा अपराध दोन कुटुंबांतला खासगी वाद नाही, तो समाजाविरुद्ध आहे, हा त्याचा आधार. थोडक्यात, बापानेही माफ केले म्हणून खटला संपत नाही.

समझोत्याने आणखी एक होते. तो माणूस दुसऱ्या गल्लीत नवी ट्यूशन सुरू करतो.

शाळा, ट्यूशन आणि मदरसा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वैदिक पाठशाळा या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. त्यावरून काहींचा समज झाला की मदरशाला कोणताच कायदा लागत नाही. हे चूक आहे. पोक्सो सगळीकडे लागू आहे. त्यात धार्मिक संस्थेचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. विश्वासाच्या जागेवरील माणूस म्हणून घरी शिकवणारा ट्यूशनवालाही त्याच गंभीर प्रकारात मोडतो. मुलाची जबाबदारी असलेल्याने त्याला क्रूरपणे वागवले, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खासगी शाळेतील शिक्षकावर १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार चौकशी होऊन त्याला नोकरीवरून काढता येते. पण ही चौकशी पोलीस तक्रारीऐवजी नाही, तिच्या जोडीला आहे.

आई-बापांनी काय करावे?

मूल सांगेल ते शांतपणे ऐका. "तू का गेलीस?" असे विचारू नका. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक पाठ ठेवा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तक्रारीची प्रत मोफत मिळते. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

आणि ज्याची सर्वांत जास्त भीती, ते नाव? कलम २३ नुसार मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे; किमान ६ महिने कैद होऊ शकते. इज्जतीवरचा पडदा कायद्यानेच घातला आहे. म्हणूनच सुरुवातीच्या मुलीबद्दल आम्ही अधिक काही लिहिले नाही.

शिक्षक बांधवांना खोट्या तक्रारीची धास्ती वाटते. मोठ्या माणसाने सूडाने खोटी तक्रार केली, तर त्यालाही शिक्षा आहे. निर्दोष शिक्षकाचा बचाव उघड तपासातच होतो. बंद खोलीतल्या समझोत्याने त्याच्यावरचा डाग तसाच राहतो.

ठाण्याबाहेर पडताना त्या आईने विचारले, "मॅडम, हमने गलत तो नहीं किया ना?" आम्ही म्हणालो, मुलीला विचारा. मुलगी आईचा हात धरून उभी होती. म्हणाली, "अम्मी, कल से इस्कूल को जाऊं?"