शॉक बसण्याआधी तपासणी : छोट्या कारखानदाराने कोणता टेस्टर घ्यावा?

आम्ही कापडाचे व्यापारी. कापड विकले की आमचे काम संपते असे नाही. ते कापड ज्या खोलीत शिवले जाते, इस्त्री होते, पॅक होते, त्या खोलीशीही आमचा संबंध येतो. मुंबईत अशा खोल्या हजारो आहेत. दहा बाय बाराची जागा, तीन-चार शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक स्टीम इस्त्री, दोन पंखे, आणि हे सगळे भिंतीवरच्या एका बोर्डातून ओढलेले. कारीगर अनवाणी बसतो, जमीन ओलसर असते. मशीनचे लोखंड हाताला झिणझिणी देते तेव्हा तो म्हणतो, "थोडा करंट मारतोय," आणि पुढे शिवत राहतो. त्या झिणझिणीकडे वेळीच लक्ष द्यावे, म्हणून हा लेख.

वरळी कोळीवाड्याचे उदाहरण घेऊ. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला माहीमची खाडी, टोकाला किल्ला. घराला घर लागून. कुठे मासळीचा फ्रीझर, कुठे पिठाची चक्की, कुठे शिलाईची खोली. या वस्तीत हवाच विजेच्या सामानाची दुश्मन आहे. खारी हवा तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढवते. पिनेवर, टर्मिनलवर मिठाचा पातळ थर बसतो, तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि जिथून करंट जाऊ नये तिथून थोडा थोडा जाऊ लागतो. आतल्या शहरात जी इस्त्री वर्षानुवर्षे चालेल, ती इथे लवकर बिघडते.

मीटरपर्यंतची वीज बेस्टची, मीटरच्या पुढचे सगळे आपले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नियम 2010 साली केले आणि 2023 साली नवे आणले. पण प्लगला लावलेली इस्त्री तपासायला कोणी सरकारी माणूस आपल्या खोलीत येणार नाही. ब्रिटनमध्ये 1989 च्या नियमांनी कामाच्या जागेवरील विजेची उपकरणे सुरक्षित ठेवणे मालकाची जबाबदारी ठरवली आणि तिथे पोर्टेबल अप्लायन्स टेस्टर, म्हणजे पॅट टेस्टर, घरोघरी माहीत झाला. आपल्याकडे त्याची सक्ती नाही, पण गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

आधी डोळे, मग यंत्र

बहुतेक दोष टेस्टर न लावताही दिसतात. वायरला टेप गुंडाळलेली, प्लग करपलेला, तिसरी पिन तुटलेली, सॉकेटमध्ये नुसत्या तारा खोचून काडी मारलेली. हे दिसले तर मोजमाप कशाला? आधी दुरुस्त करावे. वस्तूच्या बॉडीला लोखंड असेल आणि प्लग दोन पिनांचा असेल, तर पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह आहे का ते पाहावे. ते चिन्ह दुहेरी इन्सुलेशनचे. चिन्ह नसेल तर अशी वस्तू कारखान्यात आणू नये, कितीही स्वस्त मिळो.

दुसरी गोष्ट सॉकेटची. इस्त्रीची अर्थिंग वायर उत्तम असली आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसली तर काय उपयोग? म्हणून पहिली खरेदी सॉकेट टेस्टरची करावी. हे छोटे यंत्र सॉकेटमध्ये खोचले की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले आहेत की नाहीत ते दिवे दाखवतात. अर्थिंग किती चांगली आहे हे मात्र त्यातून कळत नाही. दोष निघाला तर परवानाधारक वायरमनकडून काम करून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी.

टेस्टर नेमके काय मोजतो?

साध्या पॅट टेस्टरची मुख्य मोजमापे दोन.

पहिले अर्थिंगचे. प्लगच्या मोठ्या पिनेपासून वस्तूच्या लोखंडी बॉडीपर्यंतचा रोध किती, ते पाहतात. ब्रिटनमधला ठोकताळा असा, की वायरचा रोध वजा जाता 0.1 ओहमपेक्षा जास्त नसावा. 0.75 चौरस मिलिमीटरची तार मीटरला सुमारे 0.026 ओहम धरली, तर दोन मीटर वायरच्या इस्त्रीला साधारण 0.15 ओहमपर्यंत चालेल. मोजताना वायर प्लगजवळ आणि इस्त्रीजवळ हलवत राहावे. आकडा उड्या मारू लागला तर आत तार तुटत आली आहे.

दुसरे इन्सुलेशनचे. 500 व्होल्ट डी.सी. लावून पाहतात. तीन पिनांच्या वस्तूला निदान 1 मेगाओहम, दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तूला निदान 2 मेगाओहम यायला हवे. इस्त्रीचे किंवा हीटरचे एलिमेंट पावसाळ्यात बंद पडून राहिले तर आतली पावडर ओलावा शोषते आणि आकडा खाली येतो. अशी वस्तू नापास म्हणून लगेच फेकू नये. ती सुकवून, अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. असलेल्या सॉकेटवर तापवून, पुन्हा मोजावे.

काही जण म्हणतात, आमच्याकडे मल्टिमीटर आहे, मेगर आहे. मेगर इन्सुलेशनसाठी उत्तम, आणि नाशिकला बनलेलीही मिळतात. पण मल्टिमीटर अर्थिंग पाहताना अगदी किरकोळ करंट सोडतो. तारेचा एकच धागा उरला असला तरी तो "ठीक" म्हणेल.

घेताना काय पाहावे?

एक, नुसता पास-नापासचा दिवा असलेले यंत्र घेऊ नये, आकडा दाखवणारे घ्यावे. मागच्या वर्षी 50 मेगाओहम दाखवणारी मशीन यंदा 3 दाखवत असेल, तर दिवा दोन्ही वेळा हिरवाच लागेल. पण हिशेब ठेवणाऱ्याला कळेल की मशीन खराब होत चालली आहे.

दोन, प्लग पाहावा. ब्रिटनच्या यंत्रावर तिथल्या चौकोनी पिनांचे सॉकेट असते. आपले 6 आणि 16 अँपिअरचे प्लग गोल पिनांचे. दोन्हींसाठी पक्के अ‍ॅडॉप्टर मिळते का, ते आधी विचारावे. फ्यूज तपासणीच्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत, कारण आपल्या प्लगमध्ये सहसा फ्यूज नसतोच.

तीन, 250 व्होल्टची सोय असावी. सर्जपासून वाचवणारे भाग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणि इलेक्ट्रॉनिक मालावर 500 व्होल्टची चाचणी खोटा नापास दाखवू शकते.

चार, सर्व्हो मोटरच्या नव्या शिलाई मशीन असतील तर लीकेज करंट मोजणारे यंत्र घ्यावे. या मोटरच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे थोडा करंट जाणारच. एका जागी ठेवलेल्या तीन पिनांच्या मशीनला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत आणि हातातल्या उपकरणाला 0.75 पर्यंत चालतो. चार-पाच मशीन एका आर.सी.सी.बी.वर असल्या की ही बेरीज तिला पाडते. अशा वेळी आर.सी.सी.बी. काढून टाकणे हा इलाज नव्हे. मशीन दोन आर.सी.सी.बी.वर वाटाव्यात.

पाच, दरवर्षी कॅलिब्रेशन. एन.ए.बी.एल.ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे सर्टिफिकेट मिळेल का, हे लोहार चाळीतल्या दुकानदाराला बिल करण्याआधीच विचारावे.

एकट्याने की मिळून?

चार मशीनच्या मालकाने एकट्याने हा खर्च करावा असे आम्ही म्हणणार नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, एक-दोन दिवसांचे काम. एका गल्लीतल्या आठ-दहा मालकांनी मिळून एक टेस्टर घ्यावा, एका समजदार वायरमनला तो चालवायला द्यावा आणि त्याची मजुरी वाटून घ्यावी. प्रत्येक मशीनवर नंबर टाकावा. वहीत तारीख, नंबर, दोन्ही आकडे आणि सही. नापास वस्तूचा प्लग त्याच वेळी कापावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती लावणारच.

चाचणी चालू असताना वस्तूला कोणी हात लावू नये, 500 व्होल्टचा झटका बसतो.

व्यापारी बंधूंनो, आपण कापडाचा ताका मीटरने मोजून घेतो, वार भर कमी निघाला तर भांडतो. तीच सवय कारीगराच्या हातातल्या इस्त्रीला लावा. तो आपल्या भरवशावर तिला हात लावतो. तो हात म्हणजे त्याच्या घरची रोजी आहे, आणि आपल्याकडे ती अमानत आहे.