‘एकदा लग्न झालं की...’

1934 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. त्याचे संपादक र. धों. कर्वे यांनी वाचकांच्या खासगी शंकांना जाहीर उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा. त्यात समलिंगी आकर्षणाबद्दलचेही प्रश्न होते. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखले दिले, तरी खटला हरले आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. ‘हे सगळं हल्लीचं खूळ’ म्हणणाऱ्यांना त्या काळी असले प्रश्न विचारणारे वाचक कुठून आले, हे एकदा विचारायला हवं.

6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377चा फास सोडवला. प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध आता गुन्हा नाहीत. पण मराठी मध्यमवर्गीय घराला पोलिसांचा धाक कधीच नव्हता; धाक सोयऱ्याधायऱ्यांचा. आपण समलिंगी असल्याचं मुलाने सांगितलं की आदळआपट क्वचितच होते. ‘आमचं काही म्हणणं नाही रे, पण धाकटीचं अजून जमायचंय,’ असं आई म्हणते. मग डॉक्टर. हा आजार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018मध्येच स्पष्ट केलंय, आणि ‘बरं करण्याचे’ उपचार करणं हे वैद्यकीय गैरवर्तन ठरतं. तरी डॉक्टर बदलून पाहिले जातात. शेवटचा उपाय ठरलेला: स्थळ बघा, एकदा लग्न झालं की येईल रुळावर.

इथे नवऱ्या मुलाच्या घुसमटीवर पुष्कळ बोललं जातं. पत्रिका जुळवून, मांडवात उभी करून या घरात आणलेल्या मुलीला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. वर्षभरात तिलाच ‘पाळणा कधी?’ म्हणून छळायचं. एरवी लेकीबाळींच्या अब्रूला जपणाऱ्या समाजाला ही फसवणूक वाटत नाही, याचा मला खरा राग येतो.

17 ऑक्टोबर 2023ला न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. विषय संसदेवर सोपवला. त्यानंतर 2024मध्ये केंद्राने काही बारीकसारीक सोयी जाहीर केल्या. जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं, त्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येतं, रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरलं जातं. म्हणजे सरकारदरबारी हे जोडपं एका चुलीवर जेवतं, आणि घरच्या लग्नात मात्र ‘हा त्याचा रूममेट’ अशी ओळख करून दिली जाते.