नायट्रस कधी बंद व्हावा

2001 साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला आणि नायट्रस म्हणजे स्टिअरिंगवरचं एक बटण, हा समज गाडीवेड्या पोरांच्या डोक्यात घट्ट बसला. बटण दाबलं की गाडी सुटते, इतपत ते खरंही आहे. पण छोट्या इंजिनाला नायट्रस जोडण्याचं कसब त्या बटणात नाही. बटण दाबलेलं असतानाही वायू अडवून धरणारे जे तीन स्विच असतात, ते कसब त्यांच्यात आहे. वायू आत सोडायला एक बाटली, एक नळी आणि एक सोलेनॉइड पुरतो. तो कधी सोडायचा नाही आणि सुटलेला कुठल्या क्षणी तोडायचा, हे ठरवण्यात खरी अक्कल लागते. काटकसर करणारे गॅरेजवाले पैसे वाचवतात तेही नेमके तिथेच.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. दंतवैद्य गुंगीसाठी वापरतात तोच हा वायू. इंजिनात तो शिरला की सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या पुढे फुटतो आणि नायट्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. शिवाय बाटलीत द्रवरूप असलेला नायट्रस बाहेर पडताच उणे 88 अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते. ताकद मात्र पेट्रोलचीच. नायट्रस फक्त जास्त पेट्रोल जाळण्याची सोय करतो. ही सोय झाली आणि जास्तीचं पेट्रोलच आलं नाही, तर मिश्रण पातळ होतं, ज्वलन बेफाम तापतं, नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. 'नायट्रसने इंजिन उडालं' असं जे सांगितलं जातं, त्यात बहुतेक वेळा दोष पेट्रोल कमी पडल्याचा असतो.

हे तंत्र मोटारींच्या शर्यतींतून आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने जीएम-1 या नावाने ते लढाऊ विमानांत वापरलं. ते वापरण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. फार उंचीवर हवा इतकी विरळ होते की सुपरचार्जरही अपुरा पडतो आणि इंजिनाची ताकद घसरत जाते. जीएम-1 चालू करायचं ते त्या उंचीवर. म्हणजे इंजिन ज्या भारासाठी घडवलेलं होतं, त्याच्या खाली आल्यावर गेलेली ताकद परत मिळवायला. मोटारीत आपण उलटं करतो. जमिनीवर, भरपूर हवेत, पूर्ण ताकदीने चाललेल्या इंजिनावर आणखी भार टाकतो. म्हणून विमानातल्या यशाचा दाखला मोटारीला लावता येत नाही. मोटारीसाठी मर्यादा वेगळी शोधावी लागते.

ती शोधण्यासाठी ओळखीचं इंजिन घेऊ. मारुती एस्टीममधलं 1298 सीसीचं, 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन सुमारे 85 बीएचपी देतं आणि टॉर्क शंभराच्या आसपास न्यूटन-मीटर. त्याला 25 अश्वशक्तीचा जेट लावला, असं धरू. ढोबळ हिशेबाने सेकंदाला 10 ग्रॅम नायट्रस लागतो. सहा हजार आरपीएमला हे इंजिन सेकंदाला 65 ग्रॅमच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे 15 ग्रॅम ऑक्सिजन. नायट्रस त्यात साडेतीन ग्रॅमची भर घालतो. चोवीस टक्क्यांच्या आसपासची ही वाढ धडधाकट इंजिन सोसतं. टॉर्क वाढतो तो 30 न्यूटन-मीटर. आता तेच बटण अडीच हजार आरपीएमला दाबलं तर? जेटमधून वायू घड्याळाच्या हिशेबाने वाहतो. इंजिन हळू फिरतंय याचं त्याला काही नाही. इंजिनाचा श्वास मात्र निम्म्याहूनही कमी झालेला असतो. त्यामुळे प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला दुपटीहून जास्त नायट्रस येतो आणि तेच 25 घोडे टॉर्कमध्ये सत्तरच्या आसपास न्यूटन-मीटरची भर घालतात. कनेक्टिंग रॉड वाकतो तो इथे. नोझलमधून नायट्रसबरोबर पेट्रोलही फवारणारं किट असेल, तर कमी वेगात ते पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमध्ये साचतं आणि बॅकफायर झाला की मॅनिफोल्डच फुटतो. किट तेच, जेटही तोच. एका वेगाला निर्धोक, दुसऱ्याला घातक. तीन हजारांच्या खाली वायू सुटूच न देणारा आरपीएम स्विच म्हणूनच लागतो.

वरच्या टोकालाही असाच सापळा आहे. इंजिन कमाल वेगाला पोचलं की लिमिटर पेट्रोल तोडतो, पण ईसीयूला नायट्रसची खबरच नसते. पेट्रोल बंद आणि नायट्रस चालू, अशी ती घटका. म्हणून स्विचची वरची मर्यादा लिमिटरच्या काही शे आरपीएम खाली ठेवायची. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तरच वायू सुटेल, असा दुसरा स्विच. पेट्रोलचा दाब उतरला तर वायू तोडणारा तिसरा. जुना, दमलेला पेट्रोल पंप ऐन वेळी दगा देतो आणि त्याची चाहूल ड्रायव्हरला लागत नाही. याशिवाय इग्निशन टायमिंग एखाद-दोन अंश मागे घ्यायचं, प्लग एक पायरी थंड घालायचे. ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून होतातही. स्विच दिसत नाहीत, म्हणून राहून जातात.

बाटलीची गोष्ट आपल्या हवामानात निराळी होते. अमेरिकी किटबरोबर बाटली तापवायचा हीटर मिळतो, कारण नायट्रस नीट वाहायला 60 ते 65 बारचा दाब हवा आणि तो तिशीच्या आसपासच्या तापमानाला मिळतो. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्या हीटरचं काय काम? 36.4 अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. दाब झपाट्याने चढतो. जेटमधून वायू हिशेबाबाहेर जातो, पेट्रोल ठरलेलंच येतं, म्हणजे पुन्हा पातळ मिश्रण. दाब फारच वाढला तर बाटलीची सुरक्षा-चकती फाटते. तिची वाट नळीने गाडीबाहेर काढलेली नसेल तर वायू केबिनमध्ये भरतो आणि ड्रायव्हर गुंगतो किंवा गुदमरतो. बाटली काठोकाठ न भरणं आणि उन्हाळ्यात शर्यत संपताच ती गाडीतून काढणं, हे आपल्याकडे हीटरपेक्षा मोलाचं. सिलिंडरला मान्यता देणारं पेसो हे खातं नागपुरातच आहे. त्याची मान्यता नसलेलं, चाचणीची तारीख उलटलेलं किंवा इस्पितळातून 'मिळवलेलं' सिलिंडर गाडीत ठेवणं हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही.

यावर जाणकार म्हणतील, पंचविसाचा आग्रह भित्रेपणाचा आहे. किट बनवणारेच मूळ स्थितीतल्या चार सिलिंडर इंजिनाला 40 ते 60 अश्वशक्तीची मुभा देतात. देतात खरे, पण ती मुभा सिलिंडर मोजते, सीसी मोजत नाही. मोठ्या इंजिनाला 50 हा भार वेगळा आणि 85 बीएचपीच्या इंजिनाला वेगळा. इथे ती जवळजवळ साठ टक्क्यांची वाढ होते. तेवढ्याने इंजिन पहिल्याच दिवशी मोडेल असं नाही, मात्र रिंगांमधली मूळची फट तेवढ्या उष्णतेसाठी ठेवलेली नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढी उठाठेव करण्यापेक्षा टर्बो का नको? रोजच्या ताकदीसाठी टर्बोच बरा, यात वाद नाही. पण चालत्या इंजिनाला तो मागाहून बसवायचा तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तेलाच्या नळ्या, इंटरकूलर, ईसीयूचं नवं मॅपिंग असा सगळा संसार मांडावा लागतो. दहा-पंधरा सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीसाठी 100-150 ग्रॅम वायू हे त्याहून सुटसुटीत उत्तर आहे आणि नको तेव्हा ते पूर्णपणे बंद राहतं.

मात्र हे उत्तर फक्त धावपट्टीवरचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनी उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचे बदल रस्त्यावरच्या गाडीसाठी जवळपास मोडीत काढले आहेत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा ज्यांच्याकडे शर्यतीसाठी वेगळी गाडी आहे त्यांनी आधी डायनोवर मिश्रण मोजून घ्यावं, तिन्ही स्विच बसवावेत आणि बाटली सगळ्यात शेवटी विकत घ्यावी. स्विचांना पैसे उरत नसतील, तर ती घेऊच नये.