माळ्यावरचा ड्रमसेट विकण्याआधी

हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये जुने बंगले पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत. बंगला रिकामा करताना माळ्यावरचं सामान खाली येतं. सागवानी कपाटाला लगेच गिऱ्हाईक मिळतं, तांब्यापितळेची भांडी नातेवाइकांत वाटली जातात. त्या ढिगात एखादा ड्रमसेट निघाला, तर तो दाखवायचा कुणाला हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मग झांजा पितळेच्या भावाने तोलल्या जायच्या आणि लाकडी पिंपं जुम्मेरात बाजारात पोचायची, हीच भीती. या शहरात असा संच सापडला तर नवल नाही. सिकंदराबादला छावणी होती, लालागुड्याला रेल्वेची वसाहत होती, तिथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत पाश्चात्त्य वाद्यं आणि नाच ही नेहमीची गोष्ट होती.

ड्रमसेट हे तसं अलीकडचं वाद्य. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल, ताशासारखा स्नेअर आणि झांजा वेगवेगळी माणसं वाजवायची. अमेरिकेत ही कामं एकाच माणसाच्या हातापायांवर आली, ती मुख्यतः पायाच्या पेडलमुळे. शिकागोच्या लुडविग बंधूंनी 1909 मध्ये त्यांचं पेडल बाजारात आणलं आणि पुढे ड्रम बनवणारी त्यांची कंपनी जगभर नावाजली. मुंबईत हे वाद्य आलं जाझ बँडबरोबर आणि रुजलं ते गोव्याच्या आणि पारशी वादकांच्या हातांत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ चित्रपटाच्या (1951) संगीतात जो उसळता ठेका आणला, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांच्यासारखी जाझमध्ये मुरलेली मंडळी होती. कावस लॉर्ड, त्यांचे मुलगे केरसी आणि बुजी, लेस्ली गुदिन्हो ही या तालाच्या दुनियेतली ठळक नावं. रेकॉर्डवर त्यांची नावं छापली जात नव्हती. जुन्या संचाची किंमत ठरवताना तो कुणी वाजवला हे आज सिद्ध करता येत नाही, ती अडचण तिथूनच सुरू होते.

आता प्रत्यक्ष संच. बाहेरच्या चकाकीवर जाऊ नये, आधी आत पाहावं. ड्रमचं कातडं म्हणजे हेड काढलं की लाकडी कवच, ज्याला वादक शेल म्हणतात, ते दिसतं. 1960च्या दशकातल्या लुडविगच्या शेलमध्ये तीन पदरांचं लाकूड आणि काठाला आतून बसवलेली मजबुतीची कडी असते. बऱ्याच शेलमध्ये शाईने उठवलेला तारखेचा शिक्काही सापडतो. बाहेरच्या बिल्ल्यावर बहुधा अनुक्रमांक असतो खरा, पण कारखान्यात बिल्ले ओळीने बसवले जात नव्हते. म्हणून निव्वळ त्या आकड्यावरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बिल्ला, शिक्का, शेलचे पदर आणि लग, म्हणजे ताण देणाऱ्या बोल्टांची घरं, या सगळ्यांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे.

त्यानंतर हेड जिथे टेकतं तो काठ बोटाने चाचपावा. तो सपाट काचेवर ठेवून आत दिवा लावला की कुठे उजेड फटीतून येतो ते दिसतं. मग भोकं मोजावीत. एखाद्या वादकाने स्वतःच्या सोयीसाठी बेस ड्रमला, म्हणजे मोठ्या ढोलाला, नवा स्टँड ठोकला असेल, तर त्या दोन-चार भोकांनी किंमत चांगलीच उतरते. वरचं चमकीचं आवरण उपटून नवं चिकटवलं असेल तर आणखी. उन्हाने फिका पडलेला मूळ रंग नव्या झगमगाटापेक्षा जास्त मोलाचा, हे घरच्यांना पटवणं सर्वांत कठीण. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या संचाच्या क्रोमवर पुटकुळ्या येतात, शेल किंचित अंडाकृती होतं, आवरण सांध्यापाशी सुटतं. हैदराबादची कोरडी हवा या बाबतीत दयाळू आहे.

इंग्रजी अमलामुळे आपल्याकडे प्रीमियर या ब्रिटिश कंपनीचा संच निघण्याची शक्यता बरीच. 1922 साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी 1940च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना गेल्यावर लेस्टरकडे सरकली. तिची बांधणी उत्तम, पण 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या अनेक प्रीमियर ड्रमांचा व्यास अमेरिकी मापापेक्षा किंचित मोठा आहे. त्यावर आजचं हेड बसत नाही, खास मागवावं लागतं. गिऱ्हाईक घासाघीस करताना हा मुद्दा काढणारच. विकणाऱ्याने तो आधी स्वतःहून सांगावा. प्लास्टिकची हेडं 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी जनावराचं कातडं असे आणि ते पावसाळ्यात ढिलं पडे. जुन्या संचावर असं कातडं शाबूत असेल तर ते फेकू नये.

संच एकगठ्ठा विकणं हा नेहमीच शहाणपणा नसतो. एकटा स्नेअर कधी कधी बाकीच्या ड्रमांच्या बेरजेला भारी पडतो. तो धातूचा असेल तर लोहचुंबक लावून पाहावं: चिकटला तर पोलाद, नाही तर पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि लुडविगचा नावाजलेला सुप्राफोनिक स्नेअर बहुतेक ॲल्युमिनियमचाच असतो. झांजा तर वेगळ्याच काढाव्यात. झिल्जियन घराण्याचा कारखाना इस्तंबूलमध्ये 1623 पासूनचा. तिथे 1970च्या दशकापर्यंत ठोकलेल्या ‘के’ झांजांसाठी आज वादक हवी ती किंमत मोजतात. त्यावरचा कोरीव शिक्का शोधावा, ग्रॅममध्ये वजन लिहावं, काठाला तडा आहे का ते बघावं. आणि कृपा करून चिंच-पितांबरी लावून घासू नये. तो काळपट थर आणि त्यावरची पुसट अक्षरं हीच किंमत आहे.

कुणी वाजवला यानेही भाव बदलतो, पण पुरावा असेल तरच. बीटल्सच्या रिंगो स्टारने 1963 मध्ये आपला प्रीमियर संच लंडनच्या ड्रम सिटी दुकानात देऊन लुडविगचा घेतला. तो लुडविग 2015 साली लिलावात 20 लाख डॉलरांच्या वर गेला. छायाचित्रं, दुकानाची नोंद, मालकीची सलग कहाणी हे सगळं हाताशी होतं. आपल्या वादकांच्या बाबतीत ‘हा अमक्याच्या गाण्यात वाजला’ एवढं घरात बोललं जातं, कागदावर काहीच नसतं. कागद नसेल तर ते बोलणं बाजारात शून्य रुपयांचं.

भारतात विकायचं तर गिऱ्हाईक मोजकं असतं. मुंबईत धोबी तलावचं 1865 सालचं फुर्ताडोज, तिथले आणि गोव्यातले कामाचे वादक, स्टुडिओवाले यांच्याकडे विचारणा करावी. चोर बाजार शेवटी. परदेशात भाव जास्त मिळतो, पण बेस ड्रमची पेटी आणि लोखंडी स्टँडांचं वजन यात नफा बराच जिरतो. म्हणून परदेशी पाठवायचे तर स्नेअर आणि झांजाच.

आपल्या घरात असा संच असेल तर विकण्याआधी एक दिवस द्या. प्रत्येक भागाचे, आतल्या शिक्क्यासकट, फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कुणी, कुठून, कोणत्या साली आणला हे विचारा, लिहून काढा, त्यावर त्यांची सही घ्या, जुन्या लग्नाच्या किंवा क्लबच्या फोटोत तो दिसतो का ते शोधा आणि ही सगळी कागदपत्रं विकत घेणाऱ्याच्या हाती सोपवा.