फाळक्यांचा वाटाणा आणि जाहिरातीतले बियाणे

एकेक चौकट टिपून स्थिर वस्तू हलती दाखवण्याची कला मराठी माणसाने गिऱ्हाईक पटवण्यासाठी पहिल्यांदा कधी वापरली, असे कोणी विचारले तर मी १९१२ हे साल सांगतो. दादासाहेब फाळके तेव्हा लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले होते. त्या प्रवासासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या आणि पूर्ण लांबीचे चित्र काढायला भांडवल नव्हते. पैसेवाल्यांपुढे नुसते बोलून भागणार नव्हते. मग त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि ‘अंकुराची वाढ’ नावाचा मिनिटभराचा पट तयार केला. तो पाहिल्यावर कर्ज द्यायला माणसे पुढे आली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्यामागे हा वाटाणा आहे. (सरस्वतीबाईंचे दागिनेही आहेत, ते विसरू नये.)

फाळके रोज एकच चौकट टिपत, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. हिशेब मात्र बसत नाही. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चौकटी सरकत. महिना-दीड महिना रोज एक चौकट घेतली तर पडद्यावर भरतात जेमतेम दोन-तीन सेकंद. मिनिटभराच्या पटाला नऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे दिवसातून वीस-तीस वेळा तरी कॅमेऱ्याचा दांडा फिरवावा लागला असणार.

पण या पटातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तो वाटाणा खरोखर उगवावा लागला. कुंडीतच सडला असता तर पटही झाला नसता आणि कर्जही मिळाले नसते. आज संगणकावर उगवणाऱ्या बियाण्याला ही अट नाही. नांदेड-लातूरच्या बाजारात जाहिरातीतले अ‍ॅनिमेशन किती परिणाम करते, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या फरकापाशी येतो.

आधी परिणाम होतो कशामुळे, ते पाहू. १९१५च्या सुमारास फाळक्यांनीच ‘आगकाड्यांची मौज’ हा पट काढला. त्यात काड्याच नट होत्या. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनीही काड्यांची माणसे करून, सैनिकांसाठी आगकाड्या पाठवा, असे आवाहन करणारा पट केला होता. तो बोअर युद्धातला की पहिल्या महायुद्धातला, यावर अजून वाद चालतो. काडीला नाक-डोळे नसतात. तरी ती वाकली की आपल्याला ती नमस्कार करते आहे असे वाटते, आणि थबकली की ती विचारात पडली असे वाटते. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली हेच तपासले. त्यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाभोवती हलते दाखवले आणि काय पाहिले ते लिहायला सांगितले. चौतीस जणांपैकी फक्त एकाने ‘त्रिकोण इकडून तिकडे सरकला’ अशा भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांनी भांडण, पाठलाग, भीती असे सगळे लिहिले. हालचाल दिसली की तिच्यामागे मन आहे असे धरून चालणे, हा आपला जुना स्वभाव आहे. जाहिरातदाराला तो फुकटात मिळतो.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९५६ साली राम मोहन मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात रुजू झाले. डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तिथली पहिली फळी तयार झाली. १ जानेवारी १९७६पासून दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली आणि या कलाकारांना पोटापाण्याचे काम मिळाले. दोन हजारच्या आसपास अ‍ॅमरॉन बॅटरीची मातीच्या बाहुल्यांची जाहिरात आली. ती महालक्ष्मीच्या फेमसमध्ये सुरेश एरियत यांच्या चमूने केली होती. दूरचित्रवाणीला सेकंदाला पंचवीस चौकटी लागतात. तीस सेकंदांना साडेसातशे झाल्या. एक ठेवण दोनदा टिपली तरी पावणेचारशे वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. एवढे कष्ट कंपनी कशासाठी विकत घेते? बॅटरीच्या आत काय चालते ते कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि काळी पेटी कितीही छान टिपली तरी काळी पेटीच राहते. टिकाऊपणा हा गुण तिला कोणीतरी मिळवून द्यावा लागतो.

२००९च्या आयपीएलमधले व्होडाफोनचे झूझू आठवत असतील. अनेकांनी ते संगणकावर केलेले मानले. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखात माणसे होती आणि चित्रीकरण केपटाऊनला झाले होते. एका मोसमात सुमारे तीस जाहिराती द्यायच्या, तर अ‍ॅनिमेशनला तेवढा वेळच नव्हता. म्हणजे प्रेक्षकाला हवी असते ती हालचालीची गंमत. ती कशाने साधली याची चौकशी तो करत नाही.

गंमत साधली म्हणून माल खपेलच असे नाही. निक पार्क यांनी बोलणाऱ्या मातीच्या प्राण्यांच्या जाहिराती ब्रिटनमध्ये केल्या, त्या विजेवर घर गरम ठेवण्याच्या. लोकांना प्राणी तोंडपाठ झाले, पण ती गॅसची जाहिरात होती, असे पुढे अनेकांना पक्के आठवत होते. नजर खेचणे, लक्षात राहणे आणि विश्वास बसणे ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्यात अ‍ॅनिमेशनचा हात कोणी धरणार नाही. दुसऱ्यात ते तेव्हाच जिंकते, जेव्हा हलणारी वस्तू हाच विकायचा माल असतो. तिसऱ्याचे पुढे पाहू.

आपल्याकडच्या लोकल केबलवरच्या जाहिराती या कसोटीवर लावून पाहा. लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगवाल्याकडेच त्या तयार होत. वधूवरांची नावे ज्या घनावर फिरत, त्याच घनावर साड्यांचे दुकान फिरे. अक्षरे उडत येत, गिरकी घेत, चमकत आणि नीट वाचायच्या आत निघून जात. गंजगोलाईतला दुकानदार खूश असे, कारण आपले नाव फिरताना दिसते. गिऱ्हाइकाच्या हाती फोन नंबरसुद्धा लागत नसे. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अ‍ॅनिमेशनवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. एखादी क्रिया समजावून सांगण्यात हलते चित्र नीट काढलेल्या स्थिर चित्रांपेक्षा सरस ठरल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. हलते चित्र बहुधा फार भरभर जाते आणि डोळ्याला थांबू देत नाही. लातूरच्या ट्युशन एरियात क्लासवाले अजून गुणवंतांचे फोटो लावलेले भले मोठे फ्लेक्स का उभारतात, याचे उत्तर मला इथे सापडते. फ्लेक्ससमोर बापाला थांबता येते, मार्क वाचता येतात, आणि जमलेच तर गावचे पोर ओळखता येते.

आता विश्वास. मे संपता संपता कृषी सेवा केंद्रातल्या पडद्यावर आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर एक ठरावीक दृश्य फिरू लागते. काळ्या मातीत दाणा पडतो, टरफल फुटते, अंकुर वर येतो, खाली मुळांचे जाळे पसरते आणि दहा सेकंदांत झाड शेंगांनी लगडते. दृश्य देखणे असते. दाणा हाच नायक असल्यामुळे ते लक्षातही राहते. अडचण एवढीच की त्या दाण्याचा पिशवीतल्या दाण्याशी काही संबंध नसतो. संगणकातला दाणा शंभरातून शंभर वेळा उगवतो.

सोयाबीनचे टरफल पातळ आणि नाजूक. पोते आदळले तरी उगवण घटते. २०१९च्या काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने दाणा भिजला, आणि २०२०च्या जून महिन्यात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण सत्तर टक्के ठरलेली आहे. म्हणजे कागदोपत्री उत्तम पिशवीतही शंभरातले तीस दाणे मातीत राहू शकतात. कोणत्याही अ‍ॅनिमेशनमध्ये हे तीस दाणे मी आजवर पाहिलेले नाहीत.

याला फसवणूक म्हणावे का? सरसकट म्हणणार नाही. टूथपेस्टच्या जाहिरातीत दातावरून कीटाणू पळतात, तेव्हा ते चित्र आहे हे लहान मुलालाही कळते. बियाण्याच्या बाबतीत चित्र आणि पुरावा यांतली रेघ पुसट होते, कारण शेतकऱ्याला आतले पाहायचेच असते आणि जमिनीखालचे दाखवणारा दुसरा कोणी नसतो. शिवाय दुबार पेरणीचा खर्च दात किडण्याइतका किरकोळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे. त्याखाली जून २०२२मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरात द्यावा लागतो. मराठी जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘दृश्य काल्पनिक’ अशी ओळ पळवणे त्यात बसत नाही. पण गावोगावच्या ग्रुपवर फिरणारी क्लिप कोण तपासणार?

फाळक्यांची रीत मात्र आज कुणालाही परवडते. कृषी खाते सांगते ती घरगुती उगवण चाचणी साधी आहे: पिशवीतले शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि काही दिवसांनी मोड आलेले मोजा. एखाद्या शेतकरी कंपनीने गोणपाट न गुंडाळता उघडे ठेवून त्यावर मोबाईल टांगला आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला, तर पाच दिवसांत सातशे वीस चौकटी होतात. सेकंदाला पंचवीसने त्या चालवल्या की साधारण एकोणतीस सेकंद भरतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाची जाहिरात तयार. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो आणि चित्र लुकलुकते, म्हणून खोली अंधारी करून एकच एलईडी दिवा लावावा. मोबाईल चार्जरला जोडलेला असावा आणि दिवा इन्व्हर्टरवर, नाहीतर रात्री वीज गेली की तेवढा तुकडा काळा येईल. गोणपाट उघडे असल्याने पाणी वरचेवर शिंपडावे लागेल. शिंपडताना हात चौकटीत आला तर येऊ द्यावा. लॉट नंबरची चिठ्ठी गोणपाटाच्या कोपऱ्यात पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत दिसत राहावी, आणि न उगवलेले दाणे शेवटपर्यंत जागेवरच ठेवावेत.