लेकराचा दमा आणि घरातली हवा

पावसाळा लागला की आपल्या चाळींत, झोपडपट्ट्यांत मध्यरात्री लहान मुलांचा खोकला ऐकू येतो. छाती शिटीसारखी वाजते, आई पाठ चोळत बसते आणि सकाळी शाळा बुडते. शेजारीण म्हणते, "थंड खाल्लं असेल." आजी म्हणते, "पोर मुळातच नाजूक." कोणी हैदराबादच्या माशाच्या औषधाचा पत्ता देतो. घरातल्या हवेचे नाव मात्र कोणी काढत नाही.

दम्यात श्वासनलिकांना सूज येते. ज्या वस्तूची ॲलर्जी आहे ती श्वासात गेली की त्या आवळतात, आत चिकट कफ साचतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि मागच्या जन्माच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. दुःखाला कारण असते, ही तथागतांची शिकवण. म्हणून आधी कारण शोधू या.

अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत तसा शोध झाला. आठ शहरी भागांतल्या ४७६ दमेकरी मुलांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतली बहुतेक मुले कृष्णवर्णीय कुटुंबांतली होती. निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत झुरळांचा अंश भरपूर सापडला. ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि खोलीतही तो अंश जास्त होता, त्यांना इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा इस्पितळात दाखल करावे लागले. २०१७ सालच्या एका पाहणीत तिथल्या शाळांच्या धुळीच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात उंदरांचा अंश निघाला. जिथे तो जास्त, तिथल्या मुलांना त्रासही जास्त. मूल नाजूक असेलही, पण झुरळे, उंदीर आणि गळके छप्पर काही त्याने आणलेले नसते.

घरात काय करावे?

झुरळांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा चुरा धुळीत मिसळतो. म्हणून रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत, डब्यांना झाकण असावे, मोरी कोरडी ठेवावी, फटी सिमेंटने बुजवाव्यात. औषध फवारताना मुलाला बाहेर पाठवावे. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे कीटक वाढतात. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत, गोधड्यांना ऊन द्यावे. लादी ओल्या फडक्याने पुसावी.

धुराने दम उसळतो. जळणाऱ्या एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी. वडिलांनी बिडी सोडावी. घरात दमेकरी मूल असेल तर वंदनेला अगरबत्तीऐवजी फुले वाहावीत. त्रिसरण-पंचशीलाला धूर लागत नाही.

पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून फार थोडे पुरते. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरे वाटले म्हणून तो परस्पर बंद करू नये. मुलीच्या लग्नाच्या काळजीने तो लपवूही नये. बोलताना धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळसर पडले, तर मुलाला तत्काळ इस्पितळात न्यावे.

शाळेत आणि वस्तीत

मुले वर्गात असताना झाडू मारू नये, फळा ओल्या फडक्याने पुसावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एवढे पालकसभेत सांगायला पैसे पडत नाहीत. मुलाचा पंप दप्तरात असावा आणि तो केव्हा द्यायचा हे बाईंना ठाऊक असावे.

पण गळके छप्पर, तुंबलेले गटार, कचऱ्याचा ढीग एकट्या आईच्या फडक्याने हटणार नाहीत. महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. रात्रभर श्वासासाठी झगडलेले पोर दिवसा वर्गात काय शिकणार? त्याला मोकळा श्वास मिळवून देणे हेही चळवळीचेच काम आहे, असे आम्ही मानतो.