आठवड्यातला एक दिवस हातांचा

मे महिना आला की आमच्या मालवणकडे घराघरांत चाकरमानी येतात. आंबे-फणस खाऊन होतात, संध्याकाळी सगळे खळ्यात वाऱ्याला बसतात आणि मग हमखास घरातल्या नववी-दहावीतल्या पोराची पाळी येते. "काय रे झिला, धावी झाल्यावर फुडे काय करतलंस?" पोर मान खाली घालतं, पायाच्या अंगठ्याने खळं उकरत म्हणतं, "माका ठावक नाय!" झालं! मुंबईचे काका म्हणतात, सायन्स घे. पुण्याची आत्या म्हणते, कॉम्प्युटरचं काहीतरी कर. आजीला वाटतं, नातू बँकेत चिकटला म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तू आजवर काय काय करून पाहिलंस?

मला विचाराल, तर "माका ठावक नाय" हे त्या पोराचं उत्तर अगदी प्रामाणिक आहे. ज्याने कधी पाना हातात धरला नाही, कुणाच्या बोटातून तपासणीसाठी रक्ताचा थेंब घेतला नाही, रोपाला कलम बांधलं नाही, त्याला यातलं काय आवडतं हे कळणार तरी कसं? पुस्तकात वाचून?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. शाळेतलं बंद पडलेलं घड्याळ त्याने एकदा मधल्या सुट्टीत पार उघडून ठेवलं. मी रागावले. (आता वाटतं, उगाच रागावले.) पुढे त्याला दहावीला चांगले मार्क पडले. चांगले मार्क म्हणजे सायन्स, हे घरात आधीच ठरलेलं! तो गेला. बारावीला अडकला, पुन्हा बसला, पुन्हा अडकला. बरोबरची मुलं पुढे गेली म्हणून घराबाहेर पडेनासा झाला. अशात एका पावसाळ्यात मामाच्या होडीचं इंजिन खोलायला कुणी माणूस मिळेना, म्हणून हा हाताखाली बसला, आणि तिथेच रमला. मग आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिक झाला. मला भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, ह्यां माका आधी कोणी दाखवल्यानच नाय." त्याची मधली तीन वर्षं गेली ती गेलीच. आणि जे कळायला तीन वर्षं लागली, ते चौदाव्या वर्षी एका दुपारीसुद्धा कळलं असतं!

आमच्या कोकणातली मुलं अभ्यासात मागे नाहीत, बरं का. दहावीचा निकाल लागला की कोकण विभागाचं नाव सगळ्यांत वर असतं. 2024 साली आमच्या विभागाचा निकाल 99.01 टक्के होता. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव मुलं दहावीच्या दारातून बाहेर पडतात. पण बाहेर पडून जायचं कुठे, याची तयारी त्या दारापर्यंत कुणी करून घेत नाही.

कुणीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. आता तुम्हांला मी घाटावर घेऊन जाते, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात. तिथे पाबळ नावाचं गाव आहे. पाऊस कमी, जमीन कोरडी. आपल्यासारखा धो धो पाऊस तिथल्या मुलांनी कधी पाहिला नसेल. 1983 साली या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ राहायला आले. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला, मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर काम केलेला माणूस! ते सगळं सोडून पत्नी मीराताईंसह ते पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल चालायला, बोलायला कसं शिकतं? चालून आणि बोलून. मग मोठ्या मुलांनीच बाकावर हाताची घडी घालून का शिकायचं?

त्यांनी हायस्कूलच्या मुलांसाठी एक विषय तयार केला, 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. मुलं त्याला आयबीटी म्हणतात. आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षं, आठवड्यातला एक दिवस फक्त हातांचा. त्या दिवशी लोखंड, लाकूड आणि बांधकाम. वीज आणि पर्यावरण. शेती आणि जनावरं. घर आणि आरोग्य, असं सगळं आळीपाळीने करायचं. सगळ्यांनी सगळं! म्हणजे मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाकघरातला पदार्थ बनवायचा. पुढे राज्याच्या बोर्डाने हा विषय मान्य केला आणि तो इतर गावांतल्या शाळांतही गेला.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. शाळेत आपण जे बनवतो ते बहुतेक वेळा तपासून झालं की माळ्यावर जातं. इथे मुलांनी गावाचं खरं काम करायचं. कुणाच्या घरचं वायरिंग, कुणाच्या शेतातली माती तपासणं, कुणाचं रक्त तपासणं. फुकट नाही, वाजवी पैसे घेऊन. पैसे घेतले की काम नीट करावं लागतं, कारण फाटक वाकडं झालं तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही! आणि शिकवायला? गावातलेच कारागीर.

पाबळला पाण्याची टंचाई. विहीर कुठे खणावी, हा तिथल्या शेतकऱ्याचा जिवाभावाचा प्रश्न. आश्रमाने जमिनीतलं पाणी शोधायची एक पद्धत मुलांना शिकवली. एका रेषेत चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला दाब मोजायचा. कोरडा खडक विजेला अडवतो, पाणी मुरलेला खडक कमी अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की अधिक खोलवरची माहिती मिळते. ओहमचा नियम शाळेत आपण सगळेच पाठ करतो. पण त्या नियमावर भरवसा ठेवून शेतकरी विहिरीवर पैसे घालणार आहे, असं म्हटलं की आकडा दोनदा तपासावासा वाटतो की नाही?

डॉ. कलबाग 2003 साली गेले. आश्रमाचं काम चालू राहिलं. आणखी एक सांगायचं राहिलं. अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने आपल्याबाहेरची पहिली 'फॅब लॅब', म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा, 2002 साली काढली ती या पाबळलाच!

तुम्ही म्हणाल, बाई, म्हणजे आम्ही सगळ्यांनी वायरमन व्हायचं का? नाही रे बाबांनो! जिने रक्तातलं हिमोग्लोबिन मोजून पाहिलं, तिला कदाचित नर्स व्हावंसं वाटेल, कदाचित डॉक्टर. आणि रक्त पाहून जिला घेरी आली, तिलाही काहीतरी कळलंच की! तेही कॉलेजची फी भरायच्या आधी.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. सुतार, माळी, कुंभार अशा गावच्या जाणकारांकडे जाऊन शिकायचं. चांगलंच आहे. पण दहा दिवस म्हणजे नुसती चव. पोट भरायला आठवड्याचा तो एक दिवस हवा.

तुमच्या शाळेत असं काही नसेल तर? आमच्या किनाऱ्याचं एक काम सांगते. समुद्राजवळच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाळा संपल्यावर आपण पंप लावून वरचं गोडं पाणी उपसत राहतो, तसं खालचं खारं वर सरकतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. चौघांनी मिळून घ्या. किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या दहा विहिरी निवडा. दिवाळीपासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी आकडा वहीत लिहा, आलेख काढा आणि तो ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत मांडा. घरोघर बोलायला लागेल, कुणी हाकलूनही देईल. पण मे संपेपर्यंत चौघांतल्या एकाला रसायनशास्त्र आवडायला लागलेलं असेल, एकाला पंप, आणि एखादीला सभेत उभं राहून बोलणं!

राहिले रस्ते. ते बरेच आहेत आणि एकमेकांना मिळतातही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सरकारी तंत्रनिकेतन मालवणातच, कुंभारमाठला आहे. बारावी सायन्सनंतर मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीजवळ शिरगावला जाता येतं, तर फळबागांचं शास्त्र शिकायला कुडाळ तालुक्यात मुळद्याला. आयटीआय म्हणजे नापासांची शाळा, असं खळ्यात कुणी म्हणालं, तर त्यांना हे जरूर ऐकवा.

माझा तो घड्याळ उघडणारा विद्यार्थी आता किनाऱ्यावर इंजिनं दुरुस्त करतो. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, झापांखाली झाकल्या, की त्याच्याकडे कामाची रीघ लागते. परवा मी त्याला विचारलं, हायस्कूलची दोन-तीन मुलं शनिवारी दुपारी पाठवली तर चालतील का? तो हसला. म्हणाला, "पाठवा. मुली आल्या तरी चालतील. फक्त सांगा, कपडे जुने घालून या, आणि खोललेला एकही नट हरवायचा नाय."